समान संचलन, असमान कर्तव्यसूची : महाराष्ट्र पोलीस दलातील महिलांच्या कार्यस्थितीचे विवेचन
(नाशिकच्या विशेष संदर्भात)

सारांश

पोलीस दलात महिलांचा प्रवेश हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. प्रवेशानंतर त्यांच्या वाट्याला कोणते काम येते, किती तास येते आणि कोणत्या सोयींसह येते, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. गेल्या चार दशकांत फौजदारी कायद्याने महिला पोलिसांवर अनेक अनिवार्य जबाबदाऱ्या सोपविल्या. त्या प्रमाणात संख्याबळ व सुविधा वाढल्या नाहीत. प्रस्तुत लेखात या विसंगतीची ऐतिहासिक, कायदेशीर व प्रशासकीय कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : महिला पोलीस, कार्यस्थिती, कर्तव्याचे तास, महिला मदत कक्ष, बंदोबस्त.

१. प्रस्तावना

नाशिक शहरातील त्र्यंबक रस्त्यावर असलेली महाराष्ट्र पोलीस अकादमी ही राज्यातील पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची प्रमुख संस्था होय. १९०६ मध्ये पुण्याजवळील भांबुर्डे येथे सुरू झालेले हे प्रशिक्षण केंद्र १९०९ मध्ये नाशिकला हलविण्यात आले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत निवडले गेलेले पोलीस उपनिरीक्षक येथेच घडतात. दीक्षान्त संचलनात महिला व पुरुष प्रशिक्षणार्थी एकाच मैदानावर, एकाच आज्ञेवर पावले टाकतात. कायदा, तपास, शस्त्र, कवायत या विषयांचा अभ्यासक्रमही दोघांना सारखाच असतो. संस्थेच्या दृष्टीने त्या दिवशी दोघांमध्ये भेद नसतो.

भेदाला सुरुवात होते ती नेमणुकीच्या ठिकाणी, पोलीस ठाण्याच्या कर्तव्यवाटपाच्या नोंदवहीत. गुन्हे शोध पथक, रात्रगस्त, नाकाबंदी ही कामे कोणाकडे जातात. बिनतारी संदेश कक्ष, टपाल, संगणकावरील नोंदी ही कामे कोणाकडे जातात, याचा शोध घेतला असता समान प्रशिक्षणातून असमान अनुभव कसा निर्माण होतो, हे ध्यानात येते. हा प्रश्न केवळ महिला कर्मचाऱ्यांच्या हिताचा नाही. पोलीस ठाण्यात मध्यरात्री येणाऱ्या पीडितेला कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे त्या क्षणी तेथे महिला अधिकारी उपस्थित आहे की नाही यावर अवलंबून असते. म्हणूनच या विषयाचा विचार कामगार कल्याण आणि न्यायदान या दोन्ही अंगांनी करणे आवश्यक ठरते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात महिला पोलिसांची नेमणूक स्वातंत्र्यपूर्व काळातच सुरू झाली. त्रावणकोर संस्थानाने १९३३ मध्ये या दिशेने पाऊल उचलले होते. स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ मध्ये श्रीमती किरण बेदी या भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. १९७३ मध्ये केरळातील कोझिकोड येथे देशातील पहिले महिला पोलीस ठाणे सुरू झाले. तामिळनाडूने १९९२ पासून महिला पोलीस ठाण्यांचा मोठ्या प्रमाणावर विस्तार केला.

महाराष्ट्राची वाटचाल काहीशी वेगळी आहे. येथे या प्रश्नाला चालना मिळाली ती पोलीस ठाण्यात घडलेल्या एका घटनेमुळे. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. हे प्रकरण पुढे 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखले गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा ठरला.

त्याच वर्षी 'शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील कोठड्यांसंबंधी महत्त्वाचे निर्देश दिले. स्त्री संशयितांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा असावा आणि स्त्री संशयितांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजेच महिला पोलिसांची आवश्यकता ही महाराष्ट्रापुरती तरी प्रथम 'संरक्षक उपस्थिती' या स्वरूपात मांडली गेली. महिला पोलीस म्हणजे तपास करणारी अधिकारी, ही कल्पना नंतर आली. या क्रमाचा परिणाम आजही कामाच्या वाटपात दिसतो.

१९९४ मध्ये राज्याने महिला धोरण जाहीर केले आणि शासकीय सेवेत महिलांसाठी ३० टक्के आरक्षणाचे तत्त्व स्वीकारले. यामुळे पोलीस भरतीत मुलींची संख्या लक्षणीय वाढली. शेतकरी, शेतमजूर व कष्टकरी कुटुंबांतील मुलींसाठी पोलीस भरती हा स्थिर उत्पन्नाचा आणि सामाजिक प्रतिष्ठेचा मार्ग ठरला. आज ग्रामीण भागातील कोणत्याही महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे धावण्याचा व गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुली दिसतात. आपल्या वर्गातील विद्यार्थिनी ज्या सेवेचे स्वप्न पाहतात, त्या सेवेची अंतर्गत स्थिती प्राध्यापकवर्गाने जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वरिष्ठ पदांवरही महिलांनी आपली क्षमता सिद्ध केली आहे. १९८१ च्या तुकडीतील श्रीमती मीरां चढ्ढा बोरवणकर यांनी मुंबई गुन्हे शाखेचे नेतृत्व केले आणि पुढे पुण्याचे पोलीस आयुक्तपद सांभाळले. नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक म्हणून डॉ. आरती सिंह यांनी २०२० मध्ये मालेगावातील करोना साथीच्या कठीण काळात जबाबदारी पार पाडली. जानेवारी २०२४ मध्ये श्रीमती रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. तथापि शिखरावरील या उदाहरणांवरून पायथ्याची स्थिती ठरविता येत नाही. महिला पोलिसांपैकी बहुसंख्य शिपाई व हवालदार या पदांवर काम करतात आणि कार्यस्थितीचा खरा प्रश्न तेथेच आहे.

३. कायद्याने वाढविलेली जबाबदारी

गेल्या दोन दशकांत झालेल्या कायदेशीर सुधारणांचा एकत्रित विचार केल्यास महिला पोलिसांवाचून पार पाडता न येणारी कामे किती वाढली आहेत, हे लक्षात येते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. परंतु या तरतुदी नव्या संहितेतही कायम आहेत. त्यांतील प्रमुख तरतुदी अशा :

(अ) स्त्रीला अटक करताना सर्वसाधारणपणे महिला अधिकाऱ्याशिवाय अन्य कोणी तिच्या शरीरास स्पर्श करू नये. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी.

(आ) स्त्रीची अंगझडती शालीनतेचे पूर्ण भान राखून दुसऱ्या स्त्रीकडूनच घेतली जावी.

(इ) लैंगिक अपराधांची फिर्याद पीडित स्त्रीने दिल्यास ती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवावी. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब तिच्या निवासस्थानी अथवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा.

(ई) लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये बालकाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावा.

या तरतुदींमागील हेतू निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक तरतूद म्हणजे कोणीतरी एका महिला कर्मचाऱ्याने द्यावयाचा वेळ होय. एका बाल अत्याचाराच्या गुन्ह्यात जबाब, वैद्यकीय तपासणीसाठी रुग्णालयात नेणे, बाल कल्याण समितीसमोर हजर करणे, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब आणि पुढे खटल्यातील साक्ष एवढे टप्पे असतात. त्यातच अशा गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करण्याची मुदत कायद्याने घातलेली आहे. सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत गावे विखुरलेली असतात आणि पीडितेची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असू शकते. अशा ठिकाणी जबाब घेण्याचे काम एका बैठकीत संपत नाही. कायद्यातील 'शक्यतो' या शब्दाचा आश्रय घेतला जातो तो बहुधा अशाच वेळी. महिला अधिकारी नसल्यास हा शब्द पळवाट ठरतो. महिला अधिकारी असल्यास सारा भार तिच्या एकटीवर येतो.

४. संख्याबळाचे अंकगणित

पोलीस संशोधन व विकास विभागाच्या आकडेवारीनुसार १ जानेवारी २०२० रोजी देशातील पोलीस दलात महिलांचे प्रमाण १०.३० टक्के होते. १ जानेवारी २०२२ रोजी ते पावणेबारा टक्क्यांच्या आसपास पोहोचले. केंद्रीय गृह मंत्रालयाने हे प्रमाण ३३ टक्क्यांपर्यंत न्यावे, असे राज्यांना २०१३ पासून वारंवार सुचविले आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान ३ महिला उपनिरीक्षक व १० महिला शिपाई असावेत, जेणेकरून महिला मदत कक्ष अहोरात्र चालू राहील, असेही या सूचनेत म्हटले आहे. 'पोलीस' हा विषय राज्यसूचीत असल्याने ही सूचना राज्यांवर बंधनकारक नाही.

हा निकष पूर्णपणे अमलात आला असे गृहीत धरून त्याचा हिशेब मांडणे उद्बोधक ठरेल. आठ तासांची एक पाळी धरल्यास आठवड्यात २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुटी देऊन एक अधिकारी आठवड्यात सहा पाळ्या करू शकते. म्हणजे प्रत्येक पाळीत एक महिला उपनिरीक्षक उपस्थित ठेवावयाची असल्यास किमान साडेतीन अधिकारी लागतात. रजा, आजारपण व न्यायालयीन साक्षी विचारात घेतल्यास ही गरज चार ते पाच अधिकाऱ्यांपर्यंत जाते. निकष मात्र तीनचाच आहे. याचा अर्थ, निकष शंभर टक्के पाळला गेला तरी महिला उपनिरीक्षकाची अहोरात्र उपलब्धता आठ तासांच्या पाळीत शक्य होत नाही.

शिपायांबाबतही हेच दिसते. दहा महिला शिपायांपैकी साप्ताहिक सुटीमुळे कोणत्याही दिवशी सरासरी साडेआठ उपलब्ध असतात. रजा, प्रशिक्षण व न्यायालयीन कामासाठी अगदी काटकसरीने दीड वजा केले तर सात उरतात. तीन पाळ्यांत विभागल्यास प्रत्येक पाळीत दोघी येतात आणि एक शिल्लक राहते. पाळीतील एक शिपाई पीडितेला घेऊन रुग्णालयात गेली की मदत कक्षात एकटी उरते. त्याच वेळी महिला आरोपीला न्यायालयात हजर करावयाचे असेल किंवा एखाद्या ठिकाणी छापा घालावयाचा असेल, तर सुटीवरील कर्मचाऱ्याला बोलावण्यावाचून पर्याय राहत नाही. एखादी शिपाई प्रसूती रजेवर असल्यास हा तोल पूर्णपणे ढळतो. ठाण्यातील प्रत्यक्ष संख्या निकषापेक्षा कमी असेल तर काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. कामाचे लांबलेले तास हे वैयक्तिक अधिकाऱ्याच्या कठोरपणापेक्षा या अंकगणितातून अधिक निर्माण होतात.

५. कर्तव्याचे तास व 'आठ तासां'चा प्रयोग

पोलीस सेवेत कामाचे तास प्रत्यक्षात अनिश्चित असतात. कॉमन कॉज व सीएसडीएस-लोकनीती यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अहवालात पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात, असे आढळून आले. महाराष्ट्रात या परिस्थितीवर उपाय म्हणून २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात सर्वच कर्मचाऱ्यांसाठी आठ तासांच्या कर्तव्याचा प्रयोग झाला. एका पोलीस शिपायाने मांडलेल्या आराखड्यावर तो आधारलेला होता, ही बाब विशेष होय.

महिलांपुरता हा विचार २०२१ मध्ये नागपूर शहरात अमलात आला. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी राज्यभरातील महिला कर्मचाऱ्यांना बारा तासांऐवजी आठ तासांचे कर्तव्य देण्याचा आदेश प्रायोगिक तत्त्वावर काढला. आणीबाणीच्या प्रसंगी अथवा सणासुदीच्या काळात वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढविण्याची मुभा त्यात होती. घर व नोकरी यांचा दुहेरी भार वाहणाऱ्या महिलांच्या स्थितीची ही शासकीय पातळीवरील स्पष्ट दखल होती, यात शंका नाही.

तथापि या आदेशाच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली संख्याबळाची असून तिचे विवेचन वर आले आहे. अतिरिक्त मनुष्यबळाशिवाय बारा तासांच्या दोन पाळ्या आठ तासांच्या तीन पाळ्यांत बदलल्यास प्रत्येक पाळीतील संख्या एकतृतीयांशाने घटते. दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. सवलत केवळ महिलांना मिळाली की उरलेले तास पुरुष सहकाऱ्यांवर पडतात. त्यातून 'महिला म्हणजे अपुरे मनुष्यबळ' ही भावना बळावते आणि ठाणे प्रभारी महत्त्वाचा तपास त्यांच्याकडे सोपविण्यास कचरतात. सवलत हीच पुढे वगळले जाण्याचे निमित्त ठरू शकते. देवनारच्या प्रयोगाचे मोल येथे स्पष्ट होते. तेथे आठ तास ही स्त्रीला दिलेली सूट नव्हती. प्रत्येक पोलिसाच्या कामाची ती रास्त मर्यादा होती.

६. बंदोबस्त व मूलभूत सुविधा

नाशिक हे तीर्थक्षेत्र असल्याने येथे बंदोबस्त हे पोलिसांचे नित्याचे काम आहे. त्र्यंबकेश्वरचे श्रावणी सोमवार, सप्तशृंगी गडावरील चैत्र व नवरात्रातील यात्रा आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ कुंभमेळा या प्रसंगी भाविकांत स्त्रियांची संख्या मोठी असते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीच्या नियोजनावर मोठा भर देण्यात आला. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रियांची सुरक्षितता, हरवलेल्या वृद्धा व मुले यांचा शोध, दर्शनरांगेतील तपासणी ही कामे महिला पोलिसांशिवाय होऊच शकत नाहीत. २०२७ च्या सिंहस्थासाठीही हेच लागू आहे.

अशा बंदोबस्तात सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित अडचण स्वच्छतागृहाची असते. नेमून दिलेली जागा सोडता येत नाही. जवळपास सोय नसते. म्हणून दिवसभर पाणी कमी पिण्याची सवय लावून घेतली जाते. मूत्रमार्गाचे विकार, मासिक पाळीतील त्रास व गर्भवती महिलांची कुचंबणा हे त्याचे परिणाम होत. उपरोक्त २०१९ च्या अहवालात सुमारे पाचांपैकी एका महिला कर्मचाऱ्याने आपल्या कार्यस्थळी स्वतंत्र स्वच्छतागृह नसल्याचे सांगितले होते. ही स्थिती इमारतीत असेल, तर रस्त्यावरील बंदोबस्ताविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

मातृत्वासंबंधीच्या तरतुदींत सुधारणा झाली आहे. राज्य शासकीय महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते; २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही लागू झाली आहे. केंद्र शासनाने २००८ मध्येच ७३० दिवसांच्या बालसंगोपन रजेची तरतूद केली होती, हे येथे तुलनेसाठी नमूद करणे योग्य होईल. परंतु हक्क म्हणून असलेली रजा प्रत्यक्षात मंजूर होणे हे पुन्हा ठाण्यातील संख्याबळावर अवलंबून राहते. रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी पर्यायी कर्मचारी देण्याची व्यवस्था नसल्याने एकीच्या रजेचा भार दुसरीवर पडतो आणि रजा मागणारीलाच अपराधी वाटू लागते.

७. कामाचे स्वरूप व बढतीचा प्रश्न

२०१९ च्या अहवालातील आणखी एक निष्कर्ष असा की, महिला कर्मचाऱ्यांना नोंदवह्या, माहिती-संकलन, तक्रार-नोंद अशी ठाण्याच्या आतील कामे अधिक मिळतात, तर गस्त, तपास, कायदा व सुव्यवस्था ही बाहेरची कामे पुरुषांकडे अधिक जातात. यामागे बहुतेक वेळा द्वेष नसतो. 'रात्रीच्या वेळी बाईमाणसाला कशाला पाठवायचे' अशी काळजीची भाषा असते. परंतु पोलीस सेवेत नावलौकिक, बक्षिसे व सेवापुस्तकातील चांगले शेरे मिळतात ते तपासातून व गुन्हे उघडकीस आणल्याने. जी कर्मचारी दहा वर्षे टपाल व संगणक सांभाळते, तिच्याकडे तपासी अधिकारी होण्याचा अनुभव येणार कोठून? काळजीपोटी केलेले वाटप अशा रीतीने तिच्या प्रगतीच्या आड येते.

दुसऱ्या बाजूस, महिलांविषयक गुन्हे म्हणजे महिला अधिकाऱ्यांचे काम, असेही समीकरण रूढ झाले आहे. निर्भया पथक, भरोसा कक्ष, महिला सुरक्षा शाखा या उपक्रमांची उपयुक्तता मान्य करूनही, महिला अधिकाऱ्यांना त्यांतच बांधून ठेवणे इष्ट नाही. अत्याचारग्रस्त स्त्रिया व बालकांचे अनुभव रोज ऐकण्याचा मानसिक ताण मोठा असतो. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या विशेष कक्षाने प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना पोलिसांच्या जोडीला आणले. समुपदेशनाचे काम अशा तज्ज्ञांकडे सोपविल्यास महिला अधिकाऱ्यांना तपासासाठी वेळ मिळतो, हा त्या प्रयोगातून घ्यावयाचा धडा होय.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत १९९७ चा विशाखा निर्णय व २०१३ चा अधिनियम पोलीस दलासही लागू आहे. मात्र वरिष्ठांच्या आज्ञापालनावर उभ्या असलेल्या संघटनेत वरिष्ठाविरुद्ध तक्रार करणे हे इतर कार्यालयांपेक्षा कठीण असते. अंतर्गत समितीतील बाह्य सदस्याची भूमिका येथे निर्णायक ठरते. महाविद्यालयांतील समाजकार्य, विधी व मानसशास्त्र या विषयांच्या अनुभवी प्राध्यापिका या दृष्टीने उपयुक्त योगदान देऊ शकतील.

८. निष्कर्ष व उपाययोजना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) महिला पोलिसांचे प्रश्न हे मुख्यतः जबाबदारी व संख्याबळ यांतील तफावतीचे प्रश्न आहेत. कायदा करताना त्याच्या अंमलबजावणीस लागणाऱ्या मनुष्यबळाचा हिशेब मांडला गेलेला नाही.

२) प्रत्येक ठाण्यात तीन महिला उपनिरीक्षकांचा निकष अहोरात्र सेवेस अपुरा असून तो पाळ्या, सुट्या व रजा विचारात घेऊन नव्याने ठरविणे आवश्यक आहे.

३) आठ तासांचे कर्तव्य टप्प्याटप्प्याने सर्वच पोलिसांना लागू व्हावे. केवळ महिलांपुरती सवलत दीर्घकाळ टिकणारी नाही.

४) दीर्घ रजांसाठी जिल्हा पातळीवर राखीव महिला मनुष्यबळ असावे. बंदोबस्ताच्या आराखड्यात फिरती स्वच्छतागृहे व विश्रांतीची जागा यांचा समावेश बिनतारी यंत्रणेइतकाच अनिवार्य मानला जावा.

५) गस्त, तपास व कार्यालयीन कामे यांचे वाटप स्त्री-पुरुष भेद न करता आळीपाळीने व्हावे आणि त्याचा वार्षिक आढावा घेतला जावा.

नाशिकच्या संचलन मैदानावर समतेचा जो अनुभव प्रशिक्षणार्थींना मिळतो, तो पोलीस ठाण्याच्या कर्तव्यवहीपर्यंत पोहोचला पाहिजे. तो पोहोचला नाही, तर त्याची किंमत केवळ महिला पोलीसच मोजतात असे नाही. रात्री अपरात्री धीर एकवटून ठाण्याची पायरी चढणारी आणि 'मॅडम सकाळी येतील, तेव्हा या' हे उत्तर ऐकून परतणारी स्त्रीही ती मोजते.